मुडीला दोन माणसे लागतात

मिठबावच्या खाडीकाठच्या खारवट मळ्यात तांबडे भात पिकवणारे पद्मावतीकाकींखेरीज आता कोणी उरले नव्हते. तरीही २००६च्या मार्गशीर्षात तीन देशांच्या संशोधकांचे पथक येणार म्हणताच काकी ठेवणीतले लुगडे नेसल्या आणि त्यांनी ओटीवर पाच पाट मांडले. खाऱ्या पाण्यात तगणारे हे बियाणे प्रकल्पात गेले, तर पुढच्या पावसाळ्यात गावोगाव पेरले जाणार होते. अट एकच : ते राखणारा किमान पाच जणांचा गट हवा.

"गट आहे," असे काकींनी प्रकल्पाच्या जान्हवीला फोनवर ठणकावून सांगितले होते.

"बाकीचे कुठे आहेत, काकी?" पथकासोबत आलेल्या जान्हवीने रिकाम्या पाटांकडे पाहत विचारले.

"येतील. तोवर मुडी बांधून दाखवते."

बियाणे पेंढ्यात गुंडाळून, दोराने आवळून, ठोकून बांधायची ती मुडी. एकाने दोर ताणून धरायचा, दुसऱ्याने ठोकायचे. शेजारची काशीबाई गेल्यापासून धरणारे कोणी नव्हते. काकींनी सवयीने दोराचे टोक ओटीच्या खांबाला गुंडाळले. खांबावर दोराने पाडलेला चर जान्हवीला दिसला.

फिलिपिन्सहून आलेल्या संशोधक बाईंनी पुढे होऊन खांबाचा दोर स्वतःच्या हाती घेतला. दोर सैल पडला, भात सांडले.

"घट धर गो! न्ह्यारी केलंस नाय काय?" काकी कडाडल्या.

शब्द कळले नसतील, पण दोर ताणला गेला.

जान्हवीला हसू आले. "सदस्य दोन लिहू?"

"खोटे लिहू नकोस. ती उद्या जाईल." काकींनी मान ताठच ठेवली. "एक लिही."

"एका नावावर बियाणे प्रकल्पात जात नाही, काकी. ओंजळभर नमुना तेवढा शीतगृहात जाईल. पन्नास वर्षे टिकेल."

"आणि पेरणार कधी?"

जान्हवीने ते बाईंना इंग्रजीत विचारले. बाईंनी दोर आणखी ताणला. मुडीची शेवटची गाठ त्यांनीच मारली.

पथकाची गाडी तळेऱ्याच्या वाटेला लागली. काकींनी पाचही पाट उचलून भिंतीशी लावले.

ज्येष्ठात पेरणीसाठी मुडी सोडताना काकींच्या गाठी भराभर सुटल्या. ती परकी गाठ तेवढी सुटेना. कोयता शेजारीच होता. काकी नखांनी ती उकलत दुपारपर्यंत बसल्या, मग बियाण्याची टोपली कमरेवर घेऊन त्यांनी मळ्याची वाट धरली.