वाटेची वाटेकरीण

सोलांज पावाच्या दुकानात कामाला होती. गावात कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणाकडे पाहुणे आलेत, हे तिला दुपारच्या आत कळायचं. म्हणूनच स्वतःच्या मैत्रिणीची गोष्ट गिऱ्हाइकाच्या तोंडून कळली, हे तिला फार लागलं.

दक्षिण फ्रान्समधल्या आर्देशच्या डोंगरांतून पूर्वी एक छोटी रेल्वे जायची. रूळ उचलून तिथे बारीक खडी टाकली होती, आणि आता त्यावरून फक्त सायकली जात. मोटारीचा आवाजसुद्धा नाही. तो रस्ता सगळ्यांचा होता. पण बोगद्याच्या अलीकडे, झुडपांच्या आडून, एक खडकाळ वाट चेस्टनटच्या रानात शिरायची आणि चढत चढत कड्यावरच्या पडक्या चॅपेलपाशी, लहानशा प्रार्थनाघरापाशी, निघायची. हवा स्वच्छ असली की तिथून आल्प्सची बर्फाळ शिखरं दिसायची. ही वाट सोलांज आणि एडविजने हुडकलेली. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. आता दोघींची पन्नाशी उलटली होती. रविवार आला की जाड टायरच्या सायकली काढायच्या, वर जायचं, पाव, वाळवलेलं सॉसेज आणि शेळीचं चीज खायचं, जगाला नावं ठेवायची आणि उतरायचं. नवऱ्यांनाही तिथे कधी नेलं नव्हतं.

शरदात लिओं शहरातून क्लोतिल्द राहायला आली. चाळिशीच्या आतली, लांब पायांची, घरी बसून संगणकावर काम करणारी. एका सकाळी पाव घेताना तिने विचारलं, "इथे मोटारी नसलेले सायकलचे रस्ते आहेत म्हणे. कोणाला विचारू?"

"एडविजला विचारा," सोलांज म्हणाली. "शाळेत शिकवते. तिच्याइतके डोंगर कोणी पालथे घातले नाहीत."

हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते आठवून ती स्वतःवर चडफडत होती.

नोव्हेंबरात एका रविवारी सोलांज आईला भेटायला प्रिव्हा गावी गेली. दोन दिवसांनी क्लोतिल्द दुकानात आली ती आनंदाने फुललेली. "सोलांज, काय जागा आहे हो ती. चॅपेल, आणि समोर आल्प्स. एडविज म्हणाली, तुम्ही दोघी नेहमी जाता. मी तर तिला म्हटलं, तू मला हे आधी का नाही दाखवलंस?"

सोलांजच्या हातातला पाव पिशवीत जाता जाता थांबला. वाट दाखवली ते एक. पण 'तू' कधीपासून? एडविज शाळेतल्या निम्म्या मास्तरांना अजून अहो-जाहो करायची, आणि ही कालची बाई तिला अगं-तुगं करत होती.

"छानच," सोलांज म्हणाली. "वर वारा फार असतो. जपून जात जा."

संध्याकाळी ती एडविजकडे गेली. एडविज वह्या तपासत होती.

"तिला वर नेलंस."

"नेलं. तू नव्हतीस ना."

"मी नव्हते म्हणून तर थांबायचं."

एडविजने चष्मा काढला. "सोलांज, डोंगर आहे तो. तुझ्या माहेरचं कपाट नाही."

 यावरचं उत्तर सोलांजला सुचलं ते घरी जाताना वाटेत, आणि ते इतकं चांगलं होतं की ते वाया गेल्याचा तिला आणखी राग आला.

मग तिघी जाऊ लागल्या. खडीच्या सपाट रस्त्यावर गप्पा चालत, पण चढ लागला की क्लोतिल्द सुटायची आणि एडविज तिच्या मागे. सोलांज धापा टाकत वळणावर पोचली की त्या दोघी झाडाखाली पाणी पीत कशावर तरी हसत असायच्या. "कशाला हसता गं?" असं विचारलं तर एडविज म्हणायची, "काही नाही, असंच." ते 'असंच' सोलांज घरी जाऊनही उगाळत बसायची.

तिचा नवरा फेर्नां घरांची छपरं शाकारायचा. जेवताना तो म्हणाला, "एवढी जळतेस तर सरपण आणायला नको यंदा."

"मी जळत नाही. माझी सायकल जुनी झालीय."

"सायकल? बरं."

वसंत लागताच सोलांज एकटीच व्हालांस शहरात गेली आणि नवी सायकल घेऊन आली. दिसायला साधी सडपातळ. पण मागच्या चाकाच्या आसात मोटर आणि चौकटीच्या नळीत बॅटरी. पायडल मारलं की मागून कोणी तळहाताने अलगद ढकलल्यासारखं वाटायचं. फेर्नांने सायकल उचलून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाला, "त्यांना सांगणार?"

"विचारलं तर सांगेन."

त्या रविवारी ती चढावर निघाली ती मागे वळून न बघता. आधी क्लोतिल्दला मागे टाकलं, मग एडविजला. चेस्टनटची नवी पानं दोन्ही बाजूंनी सरसर मागे जात होती. वळणावर उतरून ती पाणी पीत उभी राहिली आणि त्या दोघींना लालबुंद होऊन वर येताना तिने डोळे भरून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती तिथे वाट पाहत उभी होती. तिला वाटलं, हे सुख एडविज इतकी वर्षं एकटीच खात होती.

"अहो, तुम्ही हिवाळाभर काय खाल्लंत?" क्लोतिल्द धापा टाकत म्हणाली.

"पाव," सोलांज म्हणाली.

पुढे हिवाळ्यातल्या वादळाने एक मोठं झाड वाटेवर आडवं पाडलं होतं. एडविज खोडावर चढून बसली. "द्या एकेक." क्लोतिल्दची सायकल तिने एका हाताने पलीकडे दिली. मग सोलांजची धरली. ती उचलेना. एडविजने दुसरा हात लावला, मागच्या चाकाकडे पाहिलं, मग सोलांजकडे. सोलांजच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एडविजने ओठ आवळून सायकल पलीकडे उतरवली आणि ती आपली सायकल उचलायला वळली.

वर चॅपेलपाशी क्लोतिल्द सोलांजचं कौतुक करत राहिली आणि एडविज चीज कापत राहिली.  एडविज ओरडली असती तर बरं, असं सोलांजला वाटत होतं.

उतरल्यावर क्लोतिल्द तिच्या घराकडे वळली. रेल्वेच्या जुन्या पुलावर दोघीच उरल्या.

"बोल एकदाचं," सोलांज म्हणाली.

"काय बोलू? पायांना मदत लागते, घेतलीस. त्यात लाज कसली. पण लपवलंस कोणापासून? माझ्यापासून?"

"तू तिच्याबरोबर पुढे जातेस आणि हसतेस. मला तिथं असायचं होतं."

एडविज कठड्याला टेकली. खाली नदीला वितळलेल्या बर्फाचं पाणी आलं होतं. "एक सांगू? राग धरू नकोस. मी दर रविवारी तुझ्यासाठी थांबत आले. मला कधी जड नाही वाटलं, देवाशपथ. पण मनात असायचं, एकदा तरी न थांबता वरपर्यंत जावं. दम संपेपर्यंत. आता गुडघा दुखतो, अजून किती वर्षं जमेल? ती आली, आणि मी गेले. एवढंच आहे."

"मग सांगायचं होतंस."

"कसं सांगणार? वर आलीस की तूच विचारायचीस, फार थांबवलं नाही ना? आणि मी म्हणायचे, छे गं."

सोलांजला वाटलं होतं की खरं ऐकून मन हलकं होईल. तसं झालं नाही. इतकी वर्षं ज्याला ती दोघींचा रविवार समजत होती त्यात आपण ओझं होतो, हे आता कायमचं कळलं होतं. ती रडली नाही. "पुढच्या रविवारी मी तिला मोटरचं सांगते," एवढंच म्हणाली.

आणि तिने सांगितलं, वाट चढायला लागते तिथेच. क्लोतिल्द हसत म्हणाली, "मला बसू द्याल?" तिने स्वतःची हलकी सायकल सोलांजला दिली आणि मोटरच्या सायकलवरून रानात दिसेनाशी झाली. एडविज सवयीने सोलांजच्या बरोबरीने, सावकाश चालवत राहिली. चढ तीव्र झाला. एडविज मुद्दाम पाय आवरून चालवतेय, हे सोलांजला आज पहिल्यांदा दिसलं.

"जा," सोलांज म्हणाली.

"नको, आहे की मी."

"जा म्हणते ना."

एडविजने एकवार तिच्याकडे पाहिलं आणि ती गेली. पहिल्या वळणावर थांबली नाही, दुसऱ्यावरही नाही. सोलांज सायकलवरून उतरली आणि हाताने ढकलत चालू लागली. वरून दोघींच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा तिला पूर्वीसारखाच हेवा वाटला. तिने शिवी हासडली, घाम पुसला आणि चालत राहिली.

ती चॅपेलपाशी पोचली तेव्हा पाव मोडलेला होता आणि चीज अर्धं संपलं होतं. तिच्यासाठी कोणी थांबलं नव्हतं. एडविज पाठीवर पडून आभाळाकडे बघत होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि तोंडावर असं काही तेज होतं की सोलांजने ते शाळेनंतर पाहिलं नव्हतं.

"सरका जरा," सोलांज म्हणाली आणि दोघींच्या मधोमध बसली.