टोकदाररावांची पावलं

मित्रांनो, तुम्ही माणसं ओळखता ती तोंडावरून. मला ती सोय नाही. मी एक जुना गालिचा आहे. माझा सारा जन्म लोकांच्या पायाखाली गेला, त्यामुळे माझी ओळख बुटांच्या तळव्यापासून सुरू होते आणि फार तर घोट्यापाशी संपते. पण म्हणून मला कमी लेखू नका. तोंडाला खोटं हसता येतं. पाय बिचारे सरळमार्गी असतात. मनात पळून जायचं असलं की ते आधी दाराकडे वळतात.

मला विणलं दोन जावांनी. हात मागावर आणि तोंड भांडणात, असा त्यांचा खाक्या होता. ज्या दिवशी कडाक्याचं वाजे, त्या दिवशीच्या गाठी विशेष घट्ट बसत. माझा एक कोपरा अजून टणक आहे, तो बहुधा कुणाच्या तरी माहेरावरून झालेल्या भांडणाचा असावा. माझ्या मधोमध एक मोठं निळं फूल आहे. त्याच्या एका बाजूच्या पाकळ्या थोरल्या जावेने विणल्या, दुसऱ्या बाजूच्या धाकटीने, आणि दोन्हीकडची मापं जुळली नाहीत ती नाहीतच. तरी फूल फुलासारखंच दिसतं.

मला विकत घेतलं एका ब्रशच्या कारखान्याच्या थोरल्या मालकांनी. कपड्यांचे ब्रश, बुटांचे ब्रश, रंगाचे, बाटल्या धुण्याचे, काय म्हणाल ते तिथे होत असे. मी पाहुण्यांच्या खोलीत पसरलो. एका टोकाला खिडकी, तिच्याबाहेर अंगणात लाकडी मुठी वाळत पडलेल्या. दुसऱ्या टोकाला दार आणि दाराशेजारी नमुन्यांचं काचेचं कपाट. रोज सकाळी सफाईच्या मावशी कारखान्यातलाच एक लांब केसांचा ब्रश घेऊन मला एकाच दिशेने विंचरत. माझी लव सपाट, चकचकीत बसे. मग त्यावरून जो कुणी चालेल, त्याचं पाऊल गडद उमटून राही. मावशींना याचा फार राग. "माणसं आहेत की बैल!" असं म्हणत त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा विंचरायच्या.

कारखान्याचे ब्रश परदेशी जात, त्यामुळे पाहुणेही दूरदूरचे येत. त्यांच्या पायांनी मला जगाच्या रीती शिकवल्या. कुणी दोन्ही पाय जुळवून कमरेत असं वाकायचं की सारा भार चवड्यांवर यायचा. कुणी तासभर मुलाबाळांची विचारपूस करायचं आणि निघता निघता कामाचं बोलायचं. कुणाला खुर्चीवर टेकण्याआधीच भाव हवा असे. एकदा एका पाहुण्याने आरामात पायावर पाय टाकला. त्याच्या बुटाचा तळवा समोरच्या दुसऱ्या पाहुण्याकडे झाला. त्या दुसऱ्याच्या मुलखात तळवा दाखवणं म्हणजे तोंडावर अपमान. तो तडक उठून निघून गेला, आणि पहिला आपला विचारत राहिला, "यांना बरं नाही का?" मला सगळं कळलं होतं. पण गालिच्याला विचारतो कोण?

पुढे थोरले मालक गेले आणि कारभार त्यांच्या मुलांवर आला. थोरली ताई, तिचा धाकटा भाऊ. ताई कारखाना बघत. केसांच्या जुड्या, लाकूड, कारागीर, सगळं त्यांच्या मुठीत. धाकटे मालक पाहुणे सांभाळत. माणूस लाख मोलाचा, पण लाजाळू. कुणी फार जवळ आलं की बुटात त्यांची बोटं आवळली जात. ते मला लगेच कळे.

तेवढ्यात बाजारात यंत्रावर ओतलेले प्लॅस्टिकचे ब्रश आले आणि आमची गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. शेवटी आशा उरली एका परदेशी व्यापाऱ्याची. त्याला हाताने बांधलेलेच ब्रश हवे होते. त्याने हो म्हटलं तर कारखाना तरणार होता, नाही म्हटलं तर कारागीर घरी बसणार होते. अंगणात मुठी वाळत घालणाऱ्या बायकांनासुद्धा हे ठाऊक होतं.

तो आला त्या दिवशी मावशींनी मला दोनदा विंचरलं. दारातून दोन टोकदार, लखलखीत बूट आत आले. मी मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवलं टोकदारराव. मागोमाग दुभाषी आले, त्यांचे बूट करकरत होते.

धाकटे मालक खिडकीशी उभे होते. टोकदारराव थेट त्यांच्यापाशी गेले, इतके जवळ की बुटाचं टोक बुटाच्या टोकाला लागेल. धाकटे मालक अर्धं पाऊल मागे सरकले. टोकदारराव अर्धं पाऊल पुढे. ते पुन्हा मागे, हे पुन्हा पुढे. तोंडाने दोघांचं ब्रशच्या केसांबद्दल चाललं होतं आणि पायांचा नुसता पाठलाग. खिडकीपासून निघालेली ही वरात निळ्या फुलावरून, टेबलाला वळसा घालून थेट कपाटापर्यंत गेली. तिथे धाकट्या मालकांची पाठ काचेवर आदळली आणि वरच्या फळीवरचे बाटलीचे ब्रश धडाधड खाली पडले.

टोकदाररावांचे बूट जागच्या जागी थबकले. मग हळूच वळले.

"विचार करून कळवतो, असं म्हणतायत," दुभाषी म्हणाले. "उद्या सकाळी जाण्याआधी निरोप घ्यायला येतील."

व्यापारात 'विचार करून कळवतो' याचा अर्थ काय, हे मी पुष्कळ वेळा ऐकलं होतं. माझ्या अंगावरच्या त्या टोकदार खुणा मला एकाएकी जड वाटू लागल्या. खरंच सांगतो, फार वाईट वाटलं.

ताई कारखान्यातून धावत आल्या. "काय झालं रे?"

"होणार काय! माणूस अंगावरच येतो गं. उद्धट आहे. आपल्याला गिळायलाच आला होता."

ताई काही बोलणार, तोच त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्या खाली वाकल्या. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिला.

"हे तुझे पाय?"

"हो. का?"

"सगळे उलटे पडलेत, टाचा कपाटाकडे. आणि हे त्याचे. जिथे जिथे तो आलाय, तिथून तू निघालायस. थांबलायस कुठे, तर कपाटाशी. तेही कपाट मागे सरकेना म्हणून."

धाकटे मालकही वाकून खुणा बघू लागले.

"आपली मोठी मावशी आठवते?" ताई म्हणाल्या. "अगदी नाकाला नाक लावून बोलायची. आणि आपण जरा लांब सरकलो की विचारायची, रुसलास का रे माझ्यावर? या माणसाचं तसंच असेल. त्यांच्याकडे जवळ उभं राहणं म्हणजे आपुलकी असेल, आणि तू त्याला खोलीभर नाही म्हणत फिरलास."

"असेल. पण मला घाम फुटतो त्याचं काय?"

"मग खिशात रुमाल ठेव. आणि उद्या हलू नकोस."

संध्याकाळी ताईंनी भावाची शिकवणीच घेतली. त्या पुढे येत, अगदी जवळ, आणि धाकटे मालक बुटात बोटं आवळून उभे राहत. "श्वास घे," ताई म्हणाल्या, "नाहीतर पडशील." चौथ्या-पाचव्या खेपेला त्यांची बोटं जराशी सैल पडली. माझ्याही अंगात तेव्हा जरा जीव आला.

सकाळ झाली. मावशींनी मला स्वच्छ विंचरलं. टोकदार बूट आत आले आणि पाहतो तर काय, दारापासून चार पावलांवरच थांबले. बाकी सगळी खोली मधे ठेवून, अगदी अदबीने. धाकटे मालक मात्र मनाचा हिय्या करून खिडकीपासून निघाले होते ते थेट त्यांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. टोकदारराव अर्धं पाऊल मागे सरकले. धाकटे मालक पुढे. ते मागे, हे पुढे. काल अंगावर येणारा माणूस आज पळत होता आणि पळणारा अंगावर जात होता! शेवटी टोकदाररावांची टाच उंबऱ्याला थडकली आणि कपाटाशी उभ्या असलेल्या ताईंना हसू आवरेना.

कुणालाच काही कळेना. तेव्हा करकरणारे बूट पुढे आले.

"त्याचं असं आहे," दुभाषी म्हणाले, "काल यांनी मला विचारलं, मालक माझ्यावर चिडलेत का? मी सांगितलं, नाही हो, इथली माणसं थोडं लांबूनच बोलतात, तो त्यांचा आदर असतो. म्हणून आज हे इतकं सांभाळून..."

"आणि आमच्याकडे काल नेमकी उलटी शिकवणी चालली होती!" ताई म्हणाल्या. "सांगा त्यांना!"

दुभाष्यांनी सांगितलं. तशी टोकदाररावांच्या बुटांना हलकासा हादरा बसला, मग मोठा. ते हसत होते. इतके हसले की माझ्या झालरीलाही कळलं. धाकटे मालकही हसू लागले, आणि दोघे चालत माझ्या मधोमध आले. टोकदार बूट निळ्या फुलाच्या एका बाजूला थांबले, धाकट्या मालकांचे काळे बूट दुसऱ्या बाजूला. ते अंतर टोकदाररावांच्या रीतीचं नव्हतं आणि धाकट्या मालकांच्याही नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे थोडं थोडं सरकून ते नवीनच तयार केलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हसण्याने का ब्रश विकले जातात? नाही जात. टोकदाररावांनी प्रत्येक ब्रशचे केस ओढून पाहिले, पिळले, मुठी नखाने खरवडल्या. पण ते ओढून पाहायला थांबले. आदल्या दिवशी तेवढंही झालं नव्हतं. दुपारी ताईंच्या चपला अंगणात धावत गेल्या आणि बाहेरून जो गलका ऐकू आला, तो मी जन्मात विसरणार नाही.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. टोकदारराव येत राहिले आणि दर खेपेला फुलावरच उभे राहिले. पाहुणे माझं कौतुक करत. पण दिवस सारखे राहत नाहीत, मित्रांनो. कारभार ताईंच्या लेकीकडे आला. मोठी हुशार पोरगी. पाहुणे आता संगणकाच्या पडद्यावर भेटू लागले. पडद्यावर नुसती तोंडं दिसतात. खोलीला नवी फरशी बसली आणि मला गुंडाळून गोदामात आडवं टाकलं. तिथे कसर लागली. एका मांजरीने माझ्या टणक कोपऱ्यावर पिल्लं घातली, तेवढाच काय तो शेजार. कुणी विंचरणारं नव्हतं. आपलं काम संपलं, असं वाटायचं आणि रडू यायचं, पण गालिच्याला रडताही येत नाही.

मग एके दिवशी काठीचा आवाज आला.

"हाच. हाच काढा," धाकटे मालक म्हणाले. आवाज थकला होता.

"मामा, अहो मधला भाग पार विरलाय," भाची म्हणाली. "इतके लांबून येतायत ते. त्यांच्यासमोर हे शोभेल का?"

"तोच भाग दाखवायचाय बाई त्यांना."

भाचीने मग दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मला उन्हात घातलं, झटकलं, कसर काढली आणि लांब केसांचा ब्रश घेऊन स्वतः विंचरलं. किती वर्षांनी माझी लव पुन्हा सपाट बसली!

टोकदारराव आले तेव्हा त्यांचे बूट टोकदार राहिले नव्हते. मऊ, रुंद, म्हातारपणाचे बूट. त्यांच्या हातातही काठी होती. दोघे फुलापर्यंत आले आणि या खेपेला थांबले नाहीत. फूल ओलांडून एकमेकांपाशी गेले. एक काठी माझ्यावर पडली, मग दुसरीही पडली. कुणीच ती उचलली नाही. वर काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. पण चार पावलांचा भार एकाच जागी आला होता आणि तो हलत नव्हता.

ते गेल्यावर भाची खाली वाकली, तिची आई वाकली होती तशीच. बराच वेळ ती त्या खुणा बघत राहिली.

"मामा, यातली तुमची पावलं कुठली?"

धाकट्या मालकांनी चष्मा पुसला, नीट बघितलं. "नाही गं सांगता येत," ते म्हणाले.

आता मी पाहुण्यांच्या खोलीत आहे आणि भाची पाहुण्यांना पडद्याऐवजी इथेच बोलावू लागली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी जुना असेल तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, विंचरा. त्याच्यावरून कोण कोण चालून गेलं ते त्याला ठाऊक असतं. आणि कुणी परका माणूस फार जवळ आला, किंवा उगाच मागे सरकला, तर रागावण्याआधी एकदा खाली बघा. आधी त्याची पावलं बघा, मग आपलीही.