माझ्या पायाखालचा कागद

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. 'जुनी' मी स्वतः म्हटलं तर चालतं, तुम्ही म्हणू नका. माझा पुढचा उजवा पाय बोटभर आखूड आहे. त्या एका पायामुळे काय रामायण घडलं, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. आम्ही चाळीस बहिणी. सुताराने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ही झकास झाली." हेच तो चाळीसही जणींना म्हणाला होता, हे मला फार उशिरा कळलं. माझी नेमणूक थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. पालक तक्रार घेऊन आले की मुख्याध्यापक मला मागच्या दोन पायांवर तोलून धरत आणि पालक गेले की धाडकन खाली येत. अकरा वर्षं पालकांना तक्रारी पुरल्या. मग माझा पाय फुटला, कुणीतरी तो खालून करवतीने कापून 'बसता येतंय की' असा निकाल दिला, आणि मुख्याध्यापकांना चाकांची खुर्ची आली. मला वरच्या मजल्यावरच्या एका वर्गात दाराशेजारी ठेवलं. शिकवायला शिकणाऱ्या ज्या मुली काही महिन्यांसाठी शाळेत येत, त्यांना माझ्यावर बसवण्याचा तिथे रिवाज होता.

त्या वर्गाच्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. अशा मुलींची नावं त्या पाठ करत नसत. "नाव पाठ होईपर्यंत निघून जातात," असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकीला त्या 'पाहुणी' म्हणत, आणि ते आग्रहाने जेवू घालायच्या पाहुणीसारखं मुळीच वाटत नसे.

मागच्या वर्षीच्या पाहुणीला माझं डुगडुगणं सहन होईना. तिने वर्गाच्या फाइलमधलं एक पान फाडलं, सहा घड्या घातल्या आणि माझ्या आखूड पायाखाली सारलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी मी चारही पायांवर उभी होते. पानावर काय लिहिलंय याची चौकशी मी केली नाही.

यंदाची पाहुणी शाळा उघडायच्या आधीच्या सोमवारी आली. ती दुसऱ्या देशातून आली होती. अंगात मावशीच्या मुलाचा कोट होता, त्यात ती आणि आणखी अर्धी ती मावली असती.

"गुड मॉर्निंग, बाई."

मोठ्या बाईंनी मान वर केली नाही. "तुला लवकर पाठवलं, की मला उशिरा कळवलं?"

"बाई, हा हजर झाल्याचा फॉर्म. तुमची सही घेऊन शुक्रवारी चारपर्यंत ऑफिसात द्यायचाय. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"कॉलेज मला घरी परत पाठवतं."

"घर लांब आहे?"

"दोन विमानं बदलावी लागतात."

"मग विचार करून सांगते," मोठ्या बाई म्हणाल्या. "आधी वर्ग लाव. पुढच्या सोमवारी मुलं येणार. लख्ख दिसला पाहिजे. सगळं या फाइलमध्ये लिहिलंय. नीट वाच, मला विचारत बसू नकोस."

पाहुणी माझ्यावर बसली आणि तिने फाइल दोनदा वाचली. मग भीत भीत म्हणाली, "बाई, सहाव्या पानानंतर एकदम आठवं..."

"मी आत्ता काय म्हणाले?"

पाहुणीने फाइल मिटली. सातवं पान माझ्या पायाखाली होतं आणि मी अगदी ताठ उभी होते.

दुसऱ्या दिवसापासून मोठ्या बाई तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या. विषय होता 'नव्या सहकाऱ्यांना सामावून घेणे'. पाहुणी वर्गात एकटी राहिली. खाली किल्ल्या सांभाळणारे काका होते, त्यांच्याकडून तिने सामान मागितलं, ते घेऊन ते वर आले.

"बादली एक, फडकी दोन, खरवडायची पट्टी एक," काका म्हणाले. "इथे सही कर. मागच्या पाहुणीने नेलेली बादली अजून आलेली नाही."

"मी आणून देईन, काका."

"तीही असंच म्हणाली होती. आणि मला काका म्हणू नकोस, मी कुणाचा काका नाही."

दुपारी ती माझ्यावर बसून आईशी फोनवर बोलली. "हो गं, जेवले. हो, खोली छान आहे. गरम पाणी ना? येतं की. चिक्कार येतं." मित्रांनो, सकाळीच तिने काकांना विचारलं होतं, की घरमालकीणबाई अंघोळ चालू असताना बाहेरून पाणी बंद करतात, हे इथे सगळीकडेच असतं का. "बाई? अगं, देवमाणूस आहेत. खूप जीव लावतात." एवढं बोलून तिने फोन ठेवला, नाक पुसलं आणि लख्ख करण्यासारखं काय उरलंय ते शोधू लागली.

तिला जमिनीवरच्या पट्ट्या दिसल्या.

दारापासून तिसऱ्या ओळीतल्या बाकापर्यंत, तिथून खिडकीपर्यंत आणि हात धुवायच्या बेसिनपर्यंत जमिनीवर काळ्या, खरखरीत चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. वर्षभर पाय पडून त्यांच्या कडा उचकटल्या होत्या, केस आणि धूळ चिकटली होती. बघणाऱ्याला ती घाणच वाटावी. पण मी रात्रंदिवस त्याच जमिनीवर उभी असते. त्या पट्ट्या कशासाठी आहेत, ते मला माहीत होतं. वर्गात एक आठ वर्षांची मुलगी आहे. तिला दिसत नाही. ती पातळ तळव्यांचे बूट घालते आणि पायांनी वाट ओळखते. जिथे तीन पट्ट्या आडव्या, तिथे वळायचं. मोठ्या बाईंनी दोन वर्षं खपून, स्वतः डोळे मिटून चालून त्या जागा ठरवल्या होत्या. सातव्या पानावर तेच लिहिलं होतं.

पाहुणी गुडघ्यांवर बसली आणि खरवडू लागली. मी करकरले. खुर्चीला तेवढंच करता येतं. तिने मला उचलून बाजूला ठेवलं, माझ्या खालची जागा पुसली आणि परत ठेवताना तो घडीचा कागद तितक्याच प्रेमाने माझ्या पायाखाली सारला. दोन दिवस ती खरवडत होती. बोटांची सालं निघाली. गुरुवारी संध्याकाळी जमीन अशी चकाकली, की काका दारात येऊन थबकले.

"हं," काका म्हणाले. "बादली?"

शुक्रवारी अडीच वाजता मोठ्या बाई परतल्या. सोबत ती मुलगी आणि तिचे बाबा होते. शाळा सुरू होण्याआधी मुलीला एकदा वर्गातून चालवून आणायचं, असं दरवर्षी ठरलेलं. मुलगी दारातूनच बाबांचा हात सोडून झपाझप आत आली. पाच-सहा पावलं टाकली, थांबली, पाय घासून पाहिला. डावीकडे सरकली आणि तिचं कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं.

ती रडली नाही. म्हणाली, "माझी वाट कुणी काढली?"

"मी... मला वाटलं, घाण आहे," पाहुणी म्हणाली.

"घाण!" मोठ्या बाईंचा आवाज चढला. "दोन वर्षं लागली मला! फाइलमध्ये स्वच्छ लिहून ठेवलंय. वाचता येतं ना? की त्याच्यासाठीही वेगळं कॉलेज असतं?"

"त्या फाइलमध्ये..."

"उलट उत्तर नको! बस तिथे!"

पाहुणी माझ्यावर बसली. बसली कसली, कोसळली. कागद घसरला, मी त्या बाजूला कलंडले आणि पाहुणी थेट जमिनीवर. मित्रांनो, मी हे मुद्दाम केलं असं सांगायला मला आवडेल. पण माझा पायच तसा आहे.

मुलीच्या बाबांनी पाहुणीला हात दिला, कागद उचलला, उलगडला. "सात," त्यांनी मोठ्याने वाचलं. "जमिनीवरच्या पट्ट्या काढू नयेत. कारण..."

मोठ्या बाईंनी कागद घेतला. अक्षर त्यांचंच होतं, त्यावर सहा घड्या आणि माझ्या पायाचा चौकोनी ठसा. पाहुणीने सोमवारी अर्धवट सोडलेलं वाक्य त्यांना आठवलं असावं. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, तसा त्यांचा स्वभावच नव्हता.

"फॉर्म कुठाय तुझा?" त्या म्हणाल्या.

"फॉर्म राहू द्या, बाई. पट्ट्या आहेत का अजून?"

"कपाटात. चौथा खण. चारला ऑफिस बंद होतं, माहितेय ना?"

"हो. हिची सोमवारी शाळा आहे."

सगळे बाक भिंतीला गेले. बाबा गुडघ्यांवर बसले, मोठ्या बाई कागदावरची मापं वाचू लागल्या, पाहुणी सोललेल्या बोटांनी पट्ट्या चिकटवू लागली. मुलगी मागून चालत फर्मान काढत होती. "इथे वाकडी आहे. ए पाहुणी, काढ. परत लाव. तुला शिकवायला येतं का नक्की?"

"शिकतेय," पाहुणी म्हणाली.

पट्टी बेसिनपर्यंत पोचली तेव्हा चारला चार मिनिटं कमी होती. "आण तो फॉर्म," मोठ्या बाई म्हणाल्या. टेकायला जवळ काही नव्हतं, म्हणून त्यांनी फॉर्म माझ्यावर ठेवला आणि सही केली. मी डुगडुगले. सही तिरकी झाली. मग मोठ्या बाई स्वतः धावत सुटल्या. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि दोनदा बघावंसं ते दृश्यही नव्हतं.

धापा टाकत परत आल्या. "ऑफिसातली म्हणते, ही सही तुमची वाटत नाही. म्हटलं, खुर्ची हलते, सही माझीच आहे. घेतला फॉर्म." मग पाहुणीकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी सात वाजता ये. नाव काय तुझं?"

पाहुणीने नाव सांगितलं.

"कठीण आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "लिहून दे."

सातवं पान आता प्लॅस्टिकच्या पाकिटात, फाइलमध्ये आहे. काकांना बादली मिळाली, ते आता मागच्या वर्षीची शोधताहेत. मी मात्र पूर्वीसारखीच हलते, कारण माझ्या पायाखाली आता काहीच नाही.

म्हणून, मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मोडक्या वस्तूच्या पायाखाली हाताला येईल ते सारून तिला उभी करू नका. लाकडाचा एक तुकडा आणि दोन खिळे, एवढंच लागतं. आणि नवीन माणूस माझ्यावर बसवाल, तेव्हा त्याला आधी जमिनीवर काय आहे ते सांगा. तो विचारत असेल, तर निदान वाक्य तरी पूर्ण होऊ द्या.

ती मुलगी रोज आत येताना माझ्या पाठीवर हात ठेवते आणि विचारते, "ही अजून हलते?"

"बसू नकोस," मोठ्या बाई म्हणतात. "सुतार येणार आहे उद्या."

याला तीन आठवडे झाले.