पृथ्वीविरुद्धचा दगड

१९७९ चा जुलै. आकाशातली अमेरिकी प्रयोगशाळा, स्कायलॅब, कोसळणार म्हणून कोराडीच्या वसाहतीतली बरीच क्वार्टर्स रिकामी झाली होती. साधं विमान गेलं तरी बायका मुलांना घरात ओढत.

वीजकेंद्रातले फिटर मारोतराव यांचा जीव बायकोत अडकला होता. शोभाताईंना आठवा महिना, पायांवर सूज, रक्तदाब चढलेला. नागपुरात रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सोमवारी भरती व्हा म्हणून बजावलं होतं. पण शहरावरच आभाळ कोसळलं तर? माहेरचं गाव जंगलाकडे. तिथून दवाखाना तीस मैल. राहायचं की जायचं, ते शेजारच्या चंपतरावांना विचारायचं ठरलं. चंपतराव विज्ञानाचे निवृत्त मास्तर. एका साप्ताहिकात शास्त्रातले शब्द उलगडून सांगत.

रविवारी दोघं आली. स्कायलॅब म्हणजे साधं लोखंड, ते नागपूरवर पडण्याचा संभव नगण्य, असं चंपतरावांनी घसा खाकरत समजावलं. शोभाताई जरा सैल बसल्या. मारोतरावांनी मात्र खिशातून त्यांचाच लेख काढला. त्यात ‘कॉन्ट्राटेरीन’ हा शब्द होता. लॅटिनमध्ये कॉन्ट्रा म्हणजे विरुद्ध, टेरा म्हणजे पृथ्वी. प्रतिद्रव्याला चाळीसेक वर्षांपूर्वी दिलेलं हे नाव. काही उल्का अशा द्रव्याच्या असतील, असा तेव्हाचा तर्क. ते आपल्या द्रव्याला शिवलं की दोन्ही नाहीशी होतात, मागे उरते नुसती आग.

“लोखंडाचं सोडा, पन असा दगड वरून पडला तं? तसा दगड कोनी पाह्यला काय, गुरुजी?”

“नाही. आता तो शब्दही मागे पडला.”

“मंग असा दगड नसतेच म्हना ना. तुमी म्हनलं का आमी थांबतो.”

‘नसतोच’ हा शब्द चंपतरावांच्या ओठांवर आला होता. पण पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांत ‘पुरावा?’ असं तांबड्या शाईनं लिहिलेलं. ठासून सांगणारे आपण कोण?

“नसतोच,” ते पुटपुटले, “असं सिद्ध झालेलं नाही.”

मारोतराव उठले. “चाल वं. सामान बांध.”

संध्याकाळी एका रिकाम्या ट्रकमध्ये गादी टाकून त्यांनी शोभाताईंना चढवलं. थांबा म्हणावं म्हणून चंपतराव फाटकापर्यंत गेले. चार माणसांसमोर त्यांना बोलवेना.

गुरुवारी रेडिओनं सांगितलं, तुकडे ऑस्ट्रेलियात पडले. वसाहतीत पेढे वाटले गेले. मारोतरावांच्या दाराला कुलूपच होतं.

पंधरवड्यानं ते बसमधून एकटेच उतरले. दारापाशी त्यांनी टोपी काढून घाम पुसला. डोक्याचं मुंडण झालेलं होतं. खिडकीआडून चंपतरावांनी ते पाहिलं, आणि बाहेर जायला त्यांचा पाय उचलेना.