इस्त्रीवरचा खडा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर काचेच्या बरण्या आणि प्रत्येकीत हिरवट खडे.

"पित्ताशयातले!" महाराज गरजले. "ना सुरी, ना टाका! रात्री माझं तेल-लिंबू घ्या, सकाळी खडे बाहेर. डॉक्टर पोट फाडतो, मी पोट मोकळं करतो!"

टाळ्या थांबेनात. थोरलीने स्वतःची बरणी उंच धरली. शेजारी बसलेल्या धाकटीचे हात मांडीवरच राहिले. दोघी बहिणी मिळून लाँड्री चालवत. थोरलीने ऑपरेशनची तारीख परस्पर रद्द केली होती.

"ताई, डॉक्टरांना नीट विचारायचं तरी!"

"विचारलं की. म्हणाले, तुम्हाला काय कळणार त्यातलं. इथे निदान माझं ऐकून घेतात."



थोड्याच दिवसांत थोरलीला हुडहुडी भरली, डोळे पिवळे पडले. "घाण निघतेय, घाबरू नका," महाराजांनी फोनवर सांगितलं. थोरली दवाखान्याचं नाव काढू देईना. शेवटी धाकटीने बरणीतला एक खडा उचलून तापल्या इस्त्रीवर ठेवला. चर्र झालं. खडा लोण्यासारखा पसरला.

"दगड असा वितळतो का गं?"

थोरली बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "गाडी बोलाव."

दवाखान्यात तिने पहिल्यांदाच हट्ट धरला, "मला दाखवा. मला समजेल असं सांगा." तरुण डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे वळवला. पित्ताशयातले खडे जागच्या जागी होते. एक खडा पित्तनळीत अडकला होता.

"बरणीतले पोटात बनलेले साबणाचे गोळे आहेत. तेल आणि लिंबू एकत्र आलं की होतात."

"हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

पण फार उशीर झाला होता. नळी तुंबून झालेल्या संसर्गाचं विष रक्तात भिनलं होतं. थोरली गेली.

पुढच्या सभेत धाकटी व्यासपीठावर चढली. तिच्या हातात एक बरणी होती.

"हे माझे. परवा तपासून घेतलं, माझ्या पोटात एकही खडा नाही. काल रात्री महाराजांचं औषध प्यायले, सकाळी हे निघाले. नसलेले खडे निघाले कुठून?"

"श्रद्धा नसली की असंच होतं!" महाराज हसले. लोकही हसले. चार-पाच जण उठून गेले. बाकीचे औषधाच्या रांगेत उभे राहिले.

धाकटी रांगेजवळून चालत राहिली, एकेकाला सांगत राहिली, "शरीर तुमचं आहे. महाराजांना विचारा, डॉक्टरांनाही विचारा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्या हातात जीव देऊ नका."