डावी धमनी, उजवीकडून

शर्यतीच्या शेवटच्या वळणावर थोरली कोसळली, तेव्हा घरच्यांनी आधी उन्हाला आणि मग उपाशीपोटी पळण्याला दोष दिला. दोघांचाही काही अपराध नव्हता, हे स्कॅनमध्ये कळलं. हृदयाला रक्त पुरवणारी तिची डावी धमनी जन्मापासूनच उजवीकडून निघाली होती आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून, गर्दीत अंग चोरून जावं तशी, गेली होती. पळताना त्या दोघी फुगत आणि हिची चेपाचेप होई.

'जन्मजात' हा शब्द डॉक्टर सहज बोलून गेले. घरात त्यानं आग लावली.

"आमच्याकडे सगळ्यांची हृदयं ठणठणीत," आई म्हणाली. "तुमच्या आत्याबाई बसल्या जागी गेल्या."

"शहाण्णवाव्या वर्षी गेली ती," बाबा म्हणाले. "आणखी किती बसायचं होतं तिनं?"

महिनाभर हेच. थोरलीला जिना बंद, जोरात हसणं बंद. तिनं पाण्याची बादली उचलली तरी आई धावत येई. घरात धावायची परवानगी आता आईलाच होती. ऑपरेशनचं विचारलं की बाबा म्हणत, "आधी आलं कुठून ते तर कळू दे." मामाचा फोनवरून सल्ला, "पळणं सोड. आम्ही कुठं पळतो?" हे खरंच होतं. मामा उठतही नसे.

तिसऱ्या भेटीत सर्जनबाईंनी पुन्हा चित्र काढलं. धमनीची सुरुवात मोठ्या वाहिनीच्या भिंतीतच दडली होती. तो भाग आतून उघडून तिचं तोंड योग्य जागी करायचं.

"नुसतं पळणं थांबवलं तर?" आईनं विचारलं.

"धोका कमी होईल, जाणार नाही. एकदा पडलीय ती. पुढच्या वेळी उठेलच, असं मी सांगणार नाही."

 मग बाबा खाकरले. "हे साधारण आईकडून येतं की वडिलांकडून?"

"बहुतेकदा कुणाकडूनच नाही."

दोघांचे चेहरे उतरले. महिनाभर चालवलेला खटला कोर्टानं दाखलच करून घेतला नव्हता.

"झालं?" थोरली म्हणाली. "एकोणीस वर्षांची आहे मी. छाती माझी, हृदय माझं. डॉक्टर, तारीख द्या."

"पुढचा मंगळवार."

"पण मंगळवारी मामा—" आईनं सुरुवात केली.

"मंगळवारच," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

आईनं होकारार्थी मान हलवली. थोरलीला खरं तर रडू यायला हवं होतं. तिला रागच आला. एवढं महिन्यापूर्वीही म्हणता आलं असतं.