श्रीखंडाच्या झाकणामागचा उजेड

मित्रांनो, तुमच्या पाठ्यपुस्तकात माझं नाव 'विजेरी' असं छापलेलं असतं. उभ्या आयुष्यात त्या नावानं मला कोणी एकदाही हाक मारली नाही. मी एक जुनी बॅटरी आहे. पत्र्याची, लांबट, आणि हल्ली जरा कुबट वासाची.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही, कारण जन्माच्या वेळी मी बंद होते. मला आठवतो तो थेट एक खड्डा. हडपसरच्या रस्त्यांखाली पाण्याच्या वाहिन्यांचे मोठे व्हॉल्व्ह आहेत. ते फिरवल्याशिवाय कुठल्याच घरात पाणी चढत नाही. ते फिरवायचं काम सुखदेव करायचे. ते लोखंडी झाकण सरकवायचे आणि मी आत उजेड टाकायची. माझा झोत पांढराशुभ्र आणि सुरीसारखा होता. खड्ड्यातल्या बेडकांना मी देव वाटत असणार, असा माझा समज होता. बेडकांचं मत मात्र घेतलेलं नाही.

"हिच्यासारखी बॅटरी नाही," सुखदेव बरोबरच्या लोकांना सांगायचे. "पाण्याच्या तळाचं नाणं दाखवते."

मी फुगून जायची. अख्ख्या हडपसरला पाणी मीच देते, असं मला वाटायला लागलं होतं.

पुढे सुखदेव निवृत्त झाले. त्यांना शाल मिळाली, मला टेबलाचा खण मिळाला. खणात रबरबँडांचा गुंता होता, एक बंद घड्याळ होतं, आणि कुठल्याच कुलपाचं नसलेलं किल्ल्यांचं एक जुडगं होतं. ते सगळे स्वतःला तात्पुरते ठेवलेले समजत होते. मीही तसंच समजले.

मी खणात असतानाच बाहेर सुखदेवांची नजर जायला लागली. घरात बाप आणि लेक, दोघंच. आमूची, म्हणजे आम्रपालीची, आई राधा आधीच गेली होती. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. पांढरा लख्ख उजेड समोर आला की सुखदेवांना सगळीकडे दूध सांडल्यासारखं दिसायचं. मंद, पिवळसर उजेडात मात्र माणसाचा चेहरा ओळखू यायचा.

आणि नेमकं तेव्हाच आमूचं लग्न ठरलं.

आता यातली अडचण समजून घ्या. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. नवराही पांढऱ्या कपड्यांत. मागे पांढरा पडदा, वर पांढऱ्या ट्यूब. म्हणजे सुखदेवांसमोर त्यांची एकुलती एक मुलगी दुधात साखर विरघळावी तशी विरघळून जाणार होती.

"पप्पा, मी रंगीत नेसते ना. कोणी काही म्हणणार नाही."

"तुझी आई पांढरीच नेसली होती. तू पांढरीच नेसायची. मला नाही दिसली, तर तो माझा प्रश्न."

"तुमचा कसा? लग्न माझंय. बापपण माझाय."

सुखदेव हळूच म्हणाले, "एकदा नीट बघायचं होतं गं. पुढच्या वर्षी काय दिसेल, काय नाही."

सुखदेवांचा भाचा प्रज्ञेश तिथंच बसून चहात टोस्ट बुडवत होता. तो आयटी पार्कात नोकरीला होता. तिथं दिवसभर लोकांना 'बंद करून परत चालू करा' असं सांगून सांगून त्याच्या चेहऱ्यावरचे भाव कायमचे बंद पडले होते. तो म्हणाला, "सोप्पंय मामा. नवरीवर पिवळी लाईट मारायची."

त्यासाठी तो फोटोच्या सामानाच्या दुकानात जाऊन आला. मऊ उजेडाचं छत्रीसारखं यंत्र भाड्यानं मिळतं म्हणे. भाडं ऐकून त्यानं दुकानदाराला विचारलं होतं, "यात नवरीपण येते का?" दुकानदार म्हणाला होता, "दुपारी एक ते चार आम्ही चेष्टा घेत नाही."

तेव्हा कुठं माझा खण उघडला. मला वाटलं, परत खड्डा! आनंदानं मी एवढी लकाकले की सुखदेव ओरडले, "अगं, डोळे फोडतेस का माझे!" मित्रांनो, ज्या झोताचा मला गर्व होता, तोच आता त्यांना टोचत होता. हे कळायला बॅटरीच असावं लागतं असं नाही.

खिडकीवर चादर टांगून, भर दुपारी आतल्या खोलीत माझ्यावर प्रयोग सुरू झाले. खर्च करायचा नाही, घरात असेल ते वापरायचं, असं ठरलं. आमू समोर खुर्चीवर पांढरी ओढणी घेऊन बसायची, सुखदेव दुसऱ्या खुर्चीवर, आणि प्रज्ञेश माझ्या तोंडाला एकेक गोष्ट बांधायचा.

आधी रुमाल बांधला. त्यानं मी निम्मी मेले. मग दुधाची पिशवी धुऊन बांधली. उजेड पसरला छान, पण सुखदेव म्हणाले, "दिसत काही नाही, वास मात्र म्हशीचा येतोय." बेकरीतल्या केकखालचा बटर पेपर लावला, तर भिंतीवर मोठ्ठा ठिपका उमटला आणि तो आमूच्या कपाळावरून हलेना. शेवटी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण आलं. अर्धवट पारदर्शक, जरा खरखरीत. ते लावल्याबरोबर माझी सुरी बोथट झाली. उजेड सगळीकडे सारखा, कणकेसारखा मऊ पसरला.

"हे बरंय," सुखदेव म्हणाले. "आता टोचत नाही."

मला काय वाटलं असेल? पाण्याच्या तळाचं नाणं दाखवणारी मी, आणि तोंडावर श्रीखंडाचं झाकण. पण कोणी विचारलं नाही.

मग रंग. ते घरात नव्हते, म्हणून तेवढे जिलेटिनचे कागद प्रज्ञेशनं रविवार पेठेतून आणले होते. लाल लावला. "पोलीस आले का?" सुखदेव म्हणाले. निळा लावला. "आमू, तू बरी आहेस ना? दिसत नाहीस बरी." गडद पिवळ्यात तिला कावीळ झाली. हिरव्याबद्दल त्यांनी काहीच मत दिलं नाही, फक्त पाणी मागितलं.

मग फिका केशरी, एकच पदर, झाकणाच्या आतून. सुखदेव पुढे झुकले. बघतच राहिले.

"पप्पा?"

"हसू नकोस. हलतेस मग."

ती हसत नव्हती. रडत होती. पण ते दिसलं, हे काय कमी होतं? आमचं साहित्य ठरलं. लग्न ठरल्यापासून घरात पहिल्यांदाच सगळे नीट जेवले.

मित्रांनो, आमची चूक एवढीच, की आम्ही अंधार गृहीत धरला होता. आजारी डोळे असलेल्या घरात दिवसासुद्धा पडदे ओढलेले असतात. जगही तसंच असेल, असं आम्हाला वाटायला लागलं होतं.

लग्न होतं भर दुपारी, हडपसरच्या एका कार्यालयात. हॉलभर ट्यूब, वर झुंबर, व्हिडिओवाल्याचे रेड्यांएवढे दोन दिवे. प्रज्ञेशनं मला पेटवलं. मी पेटले. कोणाला पत्ता लागला नाही. मलासुद्धा.

प्रज्ञेश कार्यालयाचे मालक हिंदुराव यांच्याकडे धावला. "जरा ट्यूब बंद करता का? आणि झुंबरपण."

"आवो, लगीन हाय का पिच्चर?" हिंदुराव म्हणाले. "चारशे मानूस अंधारात बसवू व्हय?"

तो परत आला आणि व्हिडिओवाल्याच्या शेजारी मला उंच धरून उभा राहिला.

"भाऊ, तुमची सावली येतीय," व्हिडिओवाला म्हणाला.

"आम्ही उजेड टाकतोय."

"मग तो नाही येत."

त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार घातले गेले. सगळ्यांनी फुलं उधळली. सुखदेवांना कोणीतरी पुढे नेलं. पांढऱ्यात पांढरं, त्यात पांढरं. त्यांनी अंदाजानं हात पुढे केला, मायेनं ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा."

तो हात स्टेजवरच्या खुर्चीवर होता. खुर्चीला पांढऱ्या सॅटिनचा झगा घातलेला होता आणि मागे बो बांधलेला होता.

चारशे माणसांत एकही हसलं नाही. आमू हार सावरत आली आणि खुर्चीवरचा तो हात उचलून तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. आमू नवरीच्या खोलीत शिरली आणि म्हणाली, "आधी मी पप्पांना दिसणार. मग निघणार."

"वेळ लागेल," प्रज्ञेश म्हणाला.

"लागू दे. नवरा माझाच आहे, थांबेल."

ट्यूब बंद केली. पण खिडकीला पडदा नव्हता आणि बाहेर दुपार उभी होती. तेवढ्यात हिंदुराव दारात आले. "खोली मोकळी करा, संध्याकाळचं वऱ्हाड..." आणि थांबले. समोर खुर्चीवर एक म्हातारा माणूस, त्याच्यासमोर जमिनीवर नवरी, आणि एक पोरगा श्रीखंडाचं झाकण धरून उभा. हिंदुराव बाहेर गेले, एका खुर्चीचा सॅटिनचा झगा सोलून आणला, स्टुलावर चढले आणि तो दोन्ही हातांनी खिडकीवर धरून उभे राहिले.

खोलीत पुरेसा अंधार झाला. मी पेटले.

झाकणातून, केशरी कागदातून, मला जमेल तेवढ्या हळू मी आमूच्या चेहऱ्यावर गेले. साडी फिकट शेवंतीच्या रंगाची झाली. तिच्या कडेनं एक रेघ उमटली, आणि त्या रेघेच्या आत एक नवरी होती.

सुखदेवांनी तिची हनुवटी धरली. या कानापासून त्या कानापर्यंत बघितलं. कपाळ बघितलं. घाई केली नाही.

"कानामागं पावडर लावायची राहिलीय," ते म्हणाले.

"पप्पा..."

"सांगितलं आपलं."

"हात भरून आला वो," खिडकीतून हिंदुराव म्हणाले. "काढू?"

"जरा थांबा." सुखदेव अजून बघत होते. मग म्हणाले, "बास. बंद कर ती. जास्त बघितलं तर पुसट होईल."

आमू कोथरूडला गेली. दर रविवारी यायची. ते आतल्या खोलीत बसायचे, सुखदेव मला पेटवायचे, ती समोर बसायची, आणि कोथरूडमध्ये पार्किंगवरून कशी भांडणं होतात ते सांगायची. दर रविवारी ते थोडे जास्त पुढे झुकायचे. एकदा त्यांचं नाक तिच्या गालाला लागलं. त्यानंतर त्यांनी पुढे झुकणं सोडलं.

दोन रविवारांच्या मधे मला कोणी हात लावत नसे. माझ्या पोटातले सेल पाझरले, हिरवी बुरशी चढली. आमच्या दोघांत आधी कोण विझलं, ते मला खरंच माहीत नाही.

परवाच्या रविवारी सुखदेवांनी माझं बटण सरकवलं. खट् असा आवाज झाला. उजेड आला नाही. खोलीत मिट्ट काळोख.

"लागली का गं?"

त्या दिवशी आलेल्या प्रज्ञेशनं तोंड उघडलं. आमूनं अंधारात त्याचं मनगट घट्ट धरलं.

"लागली, पप्पा."

"रंग?"

"तोच. केशरी."

सुखदेव खुर्चीत मागे टेकले. काळोखाकडे बघून समाधानानं म्हणाले, "हां. आता दिसतेस."

मित्रांनो, माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तुम्हाला सांगितलं असतं की वापर झाला की सेल काढून ठेवत जा. तेही करा, सेल पाझरणं वाईट. पण माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस मेलेल्या बॅटरीचं बटण दाबून 'लागली का' असं विचारत असेल, तर तिला दुरुस्तीला नेऊ नका, भंगारातही घालू नका. समोर जाऊन बसा. आणि हसू नका. हलाल मग.